भूमका आणि दवाखाना: मेळघाटात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरचा प्रश्न

नवा_वैद्यकीय_अधिकारी

नमस्कार. एमबीबीएसनंतरच्या बंधपत्रित सेवेसाठी माझी नेमणूक मेळघाटातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली आहे. केंद्राच्या हद्दीतील बहुतेक गावे कोरकू समाजाची आहेत. आजारी माणूस आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक पुजाऱ्याकडे जातो आणि मग आमच्याकडे येतो, हे रुजू होण्यापूर्वी ऐकले होते. पण त्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे गेल्या आठवड्यात कळले. वीस दिवसांचे एक बाळ आणले गेले. पोट फुगले म्हणून बेंबीभोवती तापलेल्या विळ्याच्या टोकाने चटके दिलेले होते. काही ओले होते, काहींवर खपली धरली होती. बाळ दूध ओढत नव्हते, तळपाय थंड होते आणि श्वास मिनिटाला साठच्या वर होता. प्रथमोपचार करून आम्ही त्याला नवजात शिशू अतिदक्षता कक्षात पाठवले.

मला अधिक खटकली ती त्याआधीची एक गोष्ट. सुईसाठी शीर शोधताना परिचारिकेने बाळाच्या मनगटावरचा काळा दोरा कात्रीने कापला. आजीने तो जमिनीवरून उचलला, पदराच्या टोकाला बांधला आणि त्यानंतर ती आमच्यापैकी कोणाशीही बोलली नाही. रुग्णवाहिकेत बसण्यास घरचे नाही म्हणू लागले आणि त्यांची समजूत घालण्यात अर्धा तास गेला.

आता माझ्यासमोर तीन प्रश्न आहेत. चटक्यांसारखा घातक प्रकार आणि दोऱ्या-अंगाऱ्यासारखा निरुपद्रवी विधी यांच्यात व्यवहारात रेघ कुठे आखावी? भूमकांना आरोग्य केंद्रात बोलावून त्यांच्याशी संवाद साधणे योग्य ठरेल, की त्यातून आपणच त्यांना मान्यता दिल्यासारखे होईल? आणि चटक्यांची प्रत्येक घटना पोलिसांना कळवावी का? ज्यांनी आदिवासी भागात प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

निवृत्त_एएनएम

डॉक्टरसाहेब, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) म्हणून माझी बहुतेक नोकरी चिखलदरा तालुक्यातील उपकेंद्रांवर गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. भूमका, पडियार आणि चटके देणारी व्यक्ती यांना बाहेरची माणसे एकाच माळेत ओवतात. भूमका हा गावाचा पुजारी असतो. पेरणीची पूजा, गावदेवाची पूजा, मुठवा देवाचा मान हे त्याचे काम. पडियाराच्या अंगात देव येतो. कोणता देव रागावला आहे किंवा कोणाची बाधा झाली आहे, हे तो सांगतो. काही गावांत एकच माणूस दोन्ही कामे करतो, काही गावांत करत नाही. आणि डंबा, म्हणजे पोटावरचे चटके, कित्येकदा यांच्यापैकी कोणीच देत नाही. घरातली किंवा शेजारची एखादी म्हातारी देते, कारण तिच्याही पोटावर लहानपणी दिलेले असतात आणि ती जगलेली असते. म्हणून भूमकाला दम भरून डंबा थांबेल, असे समजू नका. ती आजीच तुमची खरी श्रोता आहे, आणि तिचा दोरा तुमच्या दवाखान्यात कापला गेला आहे.

दोरा कापायचा नसतो. दोन बोटांनी कोपराकडे सरकवायचा, आणि घट्ट असेल तर आजीलाच सांगायचे की, "आजी, जरा सैल करा, सुई टोचून झाली की परत बांधा." तिने स्वतःच्या हाताने सैल केला की त्यात कोणाचा अपमान होत नाही. ही दहा सेकंदांची गोष्ट आहे, आणि तुमचा अर्धा तास तिनेच खाल्ला. कात्री ट्रेमध्ये दिसेल अशी ठेवूच नये, असे मी नव्या मुलींना नेहमी सांगत असे.

रेघ कुठे आखायची, यावर माझे उत्तर सोपे आहे. कातडीला इजा होते का, बाळाच्या तोंडात काही जाते का, आणि वेळ जातो का, एवढेच पाहायचे. उतारा टाकला, अंगारा कपाळाला लावला, कोंबडा कबूल केला, तर करू द्या. इजा, तोंडात जाणे आणि वेळ या तिन्हींत माणसे जिवानिशी जातात ती वेळेमुळे. संध्याकाळी बाळाने दूध सोडले, तर पडियाराला बोलावतात, तो रात्री बसतो, सकाळी पुन्हा बघू म्हणतो, आणि दुपारी गाडी शोधायला सुरुवात होते. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाजवळ एवढे तास नसतात.

म्हणून भूमकाला "तुमचे बंद करा" असे कधीच सांगू नका. "तुमचे करा, पण त्याच वेळी आमच्या आशाताईला निरोप द्या," एवढेच मागा. मी गावात गेल्यावर आधी भूमकाच्या ओसरीवर बसत असे आणि त्याला विचारत असे की, तुम्ही एवढ्यांना पाहता, गुण येणार नाही हे तुम्हाला कशावरून कळते? बहुतेक जण नीट उत्तर देत. डोळे फिरले, अंग थंड पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तर "हे माझ्या हातचे नाही" असे ते स्वतःच म्हणत. आपल्या पुस्तकातली धोक्याची लक्षणेही हीच आहेत. एक गोष्ट विसरू नका, भूमकालाही हातात मूल दगावलेले नको असते. गावात त्याचीही अब्रू असते. मान राखून रुग्ण पुढे पाठवण्याची वाट त्याला मिळाली, तर तो ती घेतो.

आणि बैठक त्याच्या अंगणात घ्या, केंद्रात नको. केंद्रात बोलावले की तो सहीपुरता येतो, चहा घेतो आणि जातो.

सिपना_काठचा

मी स्वतः कोरकू आहे, धारणी तालुक्यात वाढलो, आता शिक्षक आहे. वरच्या ताईंचे बरेचसे म्हणणे पटते. परंतु प्रश्न मांडण्याच्या पद्धतीबद्दल मला काही सांगायचे आहे.

"आधी भूमका, मग डॉक्टर" असा क्रम सांगितला जातो, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात असे चित्र उभे राहते की आमच्या लोकांना औषधावर विश्वासच नाही. तसे नाही. एकाच दिवशी सकाळी उपकेंद्रातून गोळ्या आणून दुपारी उतारा टाकणारी घरे मी पाहतो, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही. शहरात पंचांगातला मुहूर्त पाहून सिझेरियनची वेळ ठरवतात, शस्त्रक्रियेआधी नवस बोलतात, तेव्हा त्या कुटुंबाच्या श्रद्धेवर कोणी चर्चा उघडत नाही.

भूमका पहिला का, याचे निम्मे उत्तर अंतरात आहे. तो चार घरे सोडून राहतो, रात्री दार उघडतो, आमच्या भाषेत बोलतो आणि बाळाच्या आईला आधी रागावत नाही. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. ती संथाळी, मुंडारी यांच्या कुळातली, मुंडा गटातली भाषा आहे. बाळंतिणीला डोस मराठीत समजावून सांगितला जातो, ती मान हलवते, आणि समजले असे धरले जाते. माझ्या नात्यातल्या एका सुनेला एका मोठ्या रुग्णालयात "तुम्ही लोक उशिराच आणता" हे वाक्य तीन टेबलांवर ऐकावे लागले होते. ती दुसऱ्या दिवशी निघून आली. कागदावर त्याची नोंद "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध गेले" अशी झाली.

शिवाय "पुढे पाठवणे" म्हणजे काय, हेही पाहावे. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये घाट आहे. आईबरोबर बाप जातो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. घरी दोन मुले आणि जनावरे म्हातारीवर पडतात. नवसंजीवनी योजनेत दाखल बालकाच्या पालकांसाठी बुडीत मजुरीची तरतूद आहे, पण ती रक्कम हातात पडेपर्यंत कित्येकदा उसनवारी होऊन गेलेली असते. आणि जी भीती कोणी मोठ्याने बोलत नाही ती अशी की, मूल तिकडेच गेले तर त्याला परत कसे आणायचे? आमच्यात मृताला गावच्या मातीत पुरतात. पुढे त्याच्यासाठी सिडोलीचा विधी होतो. परक्या शहरात बाळ गमावणे म्हणजे दुहेरी गमावणे आहे. तुमच्या रुग्णवाहिकेसमोर ते कुटुंब अडले, त्यात दोऱ्याचा भाग होताच, पण हाही असेल. पाठवताना "काहीही झाले तरी परतीची गाडी आमची जबाबदारी" असे एक वाक्य स्पष्ट सांगितले, तर फरक पडतो.

विधीच्या बाबतीत म्हणाल, तर डॉक्टर आजार काय आहे ते सांगतो. आमच्याच घरी, याच वेळी, याच लेकराला का झाला, याचे उत्तर त्याच्याकडे नसते आणि ते त्याचे कामही नाही. पडियार धान्याचे दाणे मोजून जे सांगतो, ते वैद्यकीय दृष्ट्या निरर्थक असेल; पण त्या रात्री दहा माणसे घरात जमतात, जुनी भांडणे मिटवली जातात, आई एकटी राहत नाही. हे घालवून तिथे काय ठेवणार, याचा विचार झालेला मला तरी दिसत नाही.

डंबा मात्र थांबलाच पाहिजे, आणि हे आम्ही कोरकू शिकलेल्यांनी आमच्याच घरात बोलले पाहिजे. त्याला संस्कृती म्हणून पाठीशी घालणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही.

विवेकी_वकील

तिसऱ्या प्रश्नापुरते कायद्याचे सांगतो आणि मग एक असहमती नोंदवतो.

महाराष्ट्रात २०१३ चा कायदा लागू आहे, ज्याला आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी तो अध्यादेशाच्या रूपात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने संमत केला. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. अनुसूचीत बारा प्रकार आहेत. भूत उतरवण्याच्या बहाण्याने तापलेल्या वस्तूचे चटके देणे त्यांत येते. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही त्यांतला एक प्रकार आहे. मेळघाटात बालकांना चटके दिल्याच्या घटनांत गुन्हे दाखल झालेले आहेत.

याच कायद्यात असेही म्हटले आहे की, घरात किंवा प्रार्थनास्थळी केलेल्या, ज्यांतून शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही अशा धार्मिक विधींना तो लागू नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नातली रेघ विधिमंडळाने बरीचशी आखूनच ठेवली आहे. चटक्यांची जखम दिसली, तर तिची केसपेपरवर नेमकी नोंद करा (जागा, संख्या, ताजी की जुनी) आणि पोलिसांना कळवा. बालकाला झालेली भाजण्याची इजा आहे. "समाजाची प्रथा" म्हणून ती वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाच्या बाहेर राहत नाही.

आता असहमती. भूमकांना मानधन किंवा रुग्ण आणल्याबद्दल मोबदला देण्याच्या ज्या कल्पना वेळोवेळी मांडल्या जातात, त्या मला धोकादायक वाटतात. शासनाचे पैसे ज्याच्या हातात पडतात, तो गावाच्या नजरेत शासनमान्य वैद्य होतो. आणि त्याची ख्याती कशावर उभी असते, हे डॉक्टरांना तरी सांगायला नको. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेले बरेच जण काहीही न करता वाचले असते. त्यांचे श्रेय मंत्राला मिळते, आणि मण्यार चावलेला माणूस दगावला की "उशीर झाला होता" असे ठरते. मण्यारीची तर गंमत अशी की, ती बहुधा रात्री झोपेत चावते, खूण नीट दिसत नाही, वेदना फारशी नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे त्याला बाहेरची बाधा समजतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचेही तसेच. वेदनेचा झटका काही दिवसांत ओसरतो, त्या दिवसांत केलेला उतारा लागू पडल्यासारखा वाटतो, आणि हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचे औषध नियमित घेण्याचे राहून जाते. अशा प्रकारे कमावलेल्या विश्वासाला आपण खुर्ची द्यावी, हे मला पटत नाही.

निवृत्त_एएनएम

वकीलसाहेब, खुर्ची देऊ नका, पण गावात जाणारी वाट तर त्याच्याच दारावरून जाते ना. आणि पोलिसांना कळवण्याबद्दल सांगायचे तर, कळवायचेच, पण आधी बाळ पुढे पाठवून मग. गुन्हा दाखल होतो असे कळल्यावर चटके दिलेली बाळे दवाखान्यात आणायचीच नाहीत, असे होऊ लागले तर त्यात मरतील ती तीच बाळे.

विवेकी_वकील

क्रमाबद्दल मान्य आहे. उपचार आधी, कळवणे नंतर, परंतु त्याच दिवशी.

सार्वजनिक_आरोग्य

दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतील, असे वाटते.

पहिले आपल्याच विदर्भातले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" या संस्थेने गडचिरोलीत रुग्णालय उभारण्याआधी गोंड लोकांना विचारले की, तुम्ही दवाखान्यात का येत नाही. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, अशी उत्तरे आली. त्यानुसार शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले, रुग्णाबरोबर घरच्यांना राहता येईल अशी सोय झाली, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. तिथे पेनिसिलिनच्या जागी अंगारा दिला जात नाही, हे मुद्दाम सांगतो. विज्ञानात तडजोड झाली नाही. वास्तू, नाव, पोशाख आणि नातेवाइकांचे स्थान या गोष्टी बदलल्या. माझ्या मते या साऱ्या वादातला कळीचा मुद्दा हाच आहे. रुग्णालयाच्या ज्या सवयींना आपण "वैद्यकशास्त्र" समजतो, त्यांतल्या निम्म्या निव्वळ प्रशासकीय सोयी असतात, आणि त्या सोडायला काहीच लागत नाही.

त्याच संस्थेचे दुसरे काम तुमच्या बाळाच्या प्रसंगाशी थेट जोडलेले आहे. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची तपासणी, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन अशी व्यवस्था ३९ गावांत राबवण्यात आली. १९९९ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०११ पासून घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर सुरू झाला. आज आशाताई प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी देते, घरी झाली असेल तर सात. वीस दिवसांच्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशीच्या भेटी व्हायला हव्या होत्या. त्या झाल्या होत्या का, आणि झाल्या असतील तर पोट फुगल्यावर आशाऐवजी विळा का आठवला, याची चौकशी भूमकाच्या चौकशीआधी करावी, असे सुचवतो. रात्री धावून येणारी, कोरकू बोलणारी आणि हाताला गुण असलेली बाई गावात असेल, तर पडियाराचा क्रम आपोआप दुसरा लागतो.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. लाओसमधून निर्वासित होऊन अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग समाजाची मोठी वस्ती कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे आहे. आजार म्हणजे आत्मा शरीर सोडून भटकणे, अशी त्यांची धारणा. आणि डॉक्टर व कुटुंबे यांच्यात वर्षानुवर्षे मोठा अविश्वास होता. अखेर तिथल्या रुग्णालयाने ह्मोंग शमनांसाठी, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणाऱ्या त्यांच्या पारंपरिक विधिकर्त्यांसाठी, लेखी धोरण केले. आत्मा परत बोलावण्याचा विधी, हलक्या आवाजातले पठण असे ठरावीक विधी खाटेजवळ करण्यास परवानगी मिळाली, आणि शमनांनाही रुग्णालयाच्या कामकाजाची ओळख करून देण्यात आली. वकिलांच्या आक्षेपाला यात उत्तर आहे, असे मला वाटते. शमनाला तिथे वैद्य म्हणून नव्हे, तर रुग्णालयात येणाऱ्या धर्मगुरूसारखे स्थान मिळाले. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे आधीच लिहून ठेवल्यामुळे रोज रात्री कामावरच्या परिचारिकेला तो वाद नव्याने घालावा लागत नाही. प्राथमिक आरोग्यसेवेवरील १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्यातही प्राथमिक आरोग्यसेवेतील मनुष्यबळात आवश्यकतेनुसार पारंपरिक वैद्यांचा उल्लेख होता. मात्र त्यांना योग्य प्रशिक्षण द्यावे, अशी अट तिथेच जोडलेली होती, आणि ती अट बहुतेक जण सोयीने विसरतात.

नवा_वैद्यकीय_अधिकारी

सर्वांचे आभार. आशाताईंच्या भेटींची नोंदवही मागवली आहे. चौदाव्या दिवसाची भेट झालेली नाही. आशाताईंच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी आजारपण होते आणि बदली कोणी नव्हते. पोलिसांना कळवले आहे. कात्रीचा मुद्दा सगळ्या परिचारिकांसमोर मांडला.

एक व्यावहारिक शंका उरते. काही घरांत नाळेवर राख किंवा अंगारा लावतात आणि तोच पाण्यातून बाळाला चाटवतात. हे ताईंच्या रेघेच्या पलीकडे जाते. पण थेट "लावू नका" म्हटले, तर पुन्हा तोच अबोला येईल. तसेच भूमकांच्या अंगणातल्या बैठका कोणत्या महिन्यात घ्याव्यात? आता गेलो तर निम्मी घरे कुलूपबंद दिसतात.

निवृत्त_एएनएम

अंगारा कपाळाला लावा, नाळेला नाही, असे सांगायचे. नाळ कोरडी ठेवायची, तिच्यावर तेल, हळद, राख काहीच नको. राखेतून धनुर्वाताचे जंतू जातात. चाटवण्याच्या जागी मी असे सांगत असे की, आईच्या कपाळाला लावा, बाळ तिचेच दूध पिते, म्हणजे बाळाला पोचलाच. सहा महिने पाण्याचा थेंबही नको, हे त्यातच सांगून होते. मात्र हे भूमकाच्या तोंडून वदवून घ्या. तुम्ही सांगितले तर तो सल्ला होतो, त्याने सांगितले तर ती रीत होते.

सिपना_काठचा

बैठका होळीच्या आठवड्यात ठेवा, डॉक्टर. कामासाठी बाहेरगावी गेलेली सगळी माणसे होळीला घरी येतात. आमचा तो सर्वांत मोठा सण आहे, आणि भूमका त्या दिवसांत गावातच असतो. नंतर मे महिन्यात एकदा आशाताईंसोबत फिरा, कारण पावसाळ्यात नाले भरले की काही गावांचा रस्ता तुटतो आणि बाळे जास्त करून तेव्हाच आजारी पडतात. ज्या घरांत जूननंतर बाळंतपण आहे, त्यांची यादी आधी करा आणि त्या घरच्या आजीला भेटा. कोरकू बोलणारे कोणी सोबत नसेल, तर मला निरोप ठेवा. सुट्टीत मी येईन.